टेबलाखालची वायर

रक्ततपासणीचे अहवाल चारपर्यंत मुख्य कार्यालयात पोचले नाहीत तर मोडेम बिघडवल्याबद्दल ऑपरेटरबाईंना कामावरून काढणार, असं साहेबांनी ठरवून टाकलं होतं.

दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकने मोडेमवरचं चाचणीचं बटण दाबलं. मोडेमने स्वतःलाच पाठवलेली अक्षरं अचूक परत आली. दुसऱ्या चाचणीत ती मुख्य कार्यालयातल्या मोडेमपर्यंत जाऊन तशीच परतली.

"मोडेम ठणठणीत, लाइनही ठणठणीत. उरली संगणकातून मोडेमला येणारी वायर." तो टेबलाखाली वाकला. "हे टेबल कुणी सरकवलं?"

"मीच. ऊन डोळ्यांवर येत होतं," साहेब म्हणाले.

वायर टेबलाच्या पायाखाली चेपली होती.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी की!" मेकॅनिक हसला.

"साहेब, जरा टेबल उचलता?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी ते उचललं. नवी वायर लागली आणि पावणेचारला अहवाल गेले.