तक्त्याबाहेरची बाटली

त्या मंगळवारी दवाखान्यातल्या काट्यावर माझा साडेचार महिन्यांचा मुलगा नऊ किलो शंभर ग्रॅम भरला आणि नर्सबाईंनी चष्म्यावरून थेट माझ्या सासूबाईंकडे बघितलं.

"आजी, हे काय चाललंय?"

"मी काय केलं?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या एका हातात बाळाचं टोपडं होतं, दुसऱ्या हातानं त्या हरवलेला पायमोजा शोधत होत्या.

"मागच्या वेळी सांगितलं होतं, दिवसाला नऊशे मिली. वर थेंब नाही. तुम्ही आणलेल्या तक्त्यात रोज नऊशेच लिहिलंय. मग महिन्यात हे सव्वा किलो आलं कुठून? हवा खाऊन?"

बाकावर बसलेल्या आया हसल्या. काट्यावर पडलेला माझा मुलगाही हसला. त्याला वाटलं, आपलं कौतुकच चाललंय.

"दुपारी दूध बाहेर टाकतो म्हणता ना? पोटात जागा नसताना कोंबलं की दुसरं काय होणार! सून पाठमोरी झाली की हळूच बाटली तोंडात. आजी लोकांना मी चांगली ओळखते. नाहीतर नऊशेवर कुठलं मूल असं ओकत नाही. खरंच नऊशेच देत असाल तर डॉक्टरांना सांगून पोटाची तपासणी करावी लागेल. पुढच्या मंगळवारी परत वजन बघू."

सासूबाईंचा चेहरा लाल झाला. "माझ्या मुलाची शपथ. तक्त्याबाहेर एक चमचा दिलेला नाही मी."

मी बाळाच्या झबल्याच्या नाड्या बांधत होते. चारच नाड्या असतात. त्या दिवशी मला त्या बांधायला फार वेळ लागला.

कारण ती बाटली मी देत होते.

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. नळी डोळ्यांच्या रेषेत धरायची, वाचायचं आणि वाचलं तेच लिहायचं, एवढंच माझं काम. सहा वर्षांत माझा एक आकडा कुणी खोडलेला नाही. बाळाचा तक्ताही मीच आखला होता: वेळ, मिली, शी, शू, ओकारी, शेरा. फ्रिजवर चिकटवला तेव्हा नवरा म्हणाला होता, "हे बाळ आहे की नमुना क्रमांक एक?" आणि याच तक्त्यावर मी रोज खोटं लिहीत होते. म्हणजे खोटं लिहीत नव्हते, खरं लिहायचं सोडत होते. सुशिक्षित माणसाला एवढा फरक पुरतो.

दुपारी दोन वाजता सासूबाई जरा आडव्या व्हायच्या. बाळाची पुढची बाटली साडेतीनची. पण हा सव्वादोनलाच मूठ चघळायला लागायचा, मग कुरकुर, मग तो एक आवाज. मी कपडे वाळत घालायच्या गॅलरीत जाऊन चार चमचे पावडर, एकशेवीस मिली पाणी, असं करून बाटली हलवायचे. उभ्या उभ्या पाजायचे. मग बाटली लगेच धुऊन, पुसून, होती तशी उलटी ठेवायचे. संध्याकाळी सासूबाई भाजी आणायला गेल्या की परत एकदा. साडेतीनची बाटली तो अर्धी प्यायचा आणि अर्धी माझ्या खांद्यावर ओकायचा. मी 'ओकारी' या रकान्यात मात्र प्रामाणिकपणे खूण करायचे.

मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि हात चालत होते.

तो आवाज मी आधी ऐकला होता. जन्मला तेव्हाच चार किलो चारशेचा होता, दवाखान्यात सगळे त्याला बघायला यायचे. मी पुस्तकं वाचून तयार होते: अंगावरचंच पाजायचं, बाटली बघायचीसुद्धा नाही. दूध येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोर उपाशी आहे. बाटली दे." मी म्हटलं, "आई, पुस्तकात लिहिलंय, धीर धरायचा." धीर मी धरला, उपास त्यानं केला. पाचव्या दिवशी त्याचे ओठ कागदासारखे झाले, लंगोट सकाळपासून कोरडा, आणि रडणंही बारीक झालं, दाराच्या बिजागरीसारखं. पाऊण किलो उतरला होता. मग सलाईन, मग बाटली. पहिली बाटली त्यानं डोळे मोठे उघडून माझ्याकडे बघत संपवली. ते बघणं माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. सासूबाईंनी तेव्हा किंवा नंतर 'मी म्हटलं नव्हतं?' असं एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

दवाखान्यात काय झालं ते नवऱ्याला कळलं. रात्री नवऱ्यानं पावडरचे रिकामे डबे टेबलावर मांडले. तो औषधांच्या गोदामात साठा सांभाळतो. आमच्या घरात मिठाच्या पिशवीवरसुद्धा फोडल्याची तारीख असते.

"एका डब्यात नव्वद चमचे," तो म्हणाला. "दिवसाला तीस. म्हणजे तीन दिवस. हा अडीच दिवसांत संपला. हाही. हा तर सव्वादोन."

"सांडत असेल," मी म्हटलं.

"रोज आठ चमचे सांडतात?" तो आईकडे वळला. "आई, दिलं असशील तर सांग ना. कुणी फाशी देणार नाहीये."

"दिलं असतं तर छाती ठोकून सांगितलं असतं," सासूबाई म्हणाल्या. "तुला नाही का भरवलं? लपवून भरवलं का?"

"म्हणूनच विचारतोय. मी शाळेत असताना माझ्या दोन हनुवट्या होत्या."

एरवी या वाक्यावर सगळे हसले असते. त्या उठल्या आणि भांडी घासायला लागल्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. आत्ता बोल, असं स्वतःला म्हणत होते. पाणी वाहत होतं, भांडी वाजत होती, आणि मी नळ बंद व्हायची वाट बघतेय असं मनाला सांगत होते. नळ बंद झाला. त्या झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाळाला हात लावणं सोडलं.

"तूच घे," त्या म्हणायच्या. "माझ्या हातात नको. उद्या परत काटा म्हणेल काहीतरी." तो त्यांच्यासमोर चटईवर लोळायचा, त्यांचा पदर ओढायचा. पूर्वी त्या त्याला 'गब्दुल, ए बैलोबा, तुझा नांगर कुठाय?' असं विचारून खदखदून हसवायच्या. आता पदर सोडवून घ्यायच्या आणि हात मांडीखाली घालून बसायच्या. अक्षरशः मांडीखाली, चोरी करताना सापडलेल्या मुलीसारख्या. त्याच्या डोळ्यांत आधी नवल, मग रडू.

मी गॅलरीतली बाटली बंद केली. निदान तेवढं केलं. सव्वादोनला तो रडायचा आणि मी त्याला खांद्यावर टाकून खोलीभर फिरायचे. दहा मिनिटांत तो गप्पही व्हायचा. म्हणजे त्याला दरवेळी दूध हवं नव्हतं. हे कळल्यावर मला जास्तच लाज वाटली.

माझी रजा संपायला बारा दिवस उरले होते. बाळाला सासूबाई सांभाळणार हे तो जन्मण्याआधीच ठरलं होतं. त्यासाठीच त्या आपलं शिवणकाम, आपल्या मैत्रिणी, स्वतःची खोली सोडून आमच्याकडे आल्या होत्या. शनिवारी नवऱ्यानं पाळणाघर बघायला चल म्हटलं. मी गेले. जागा स्वच्छ होती. सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं, "घरी कुणी मोठं माणूस नाही का?"

"आई आहे," नवरा म्हणाला. "पण तिच्याच्यानं नियम पाळवत नाहीत."

हे तो अगदी मायेनं म्हणाला. बाईंनी समजूतदारपणे मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

नवरा तिथूनच गोदामात गेला. मी घरी आले तेव्हा सासूबाई बाळाच्या कपड्यांच्या दोन थप्प्या करत होत्या.

"या पाळणाघराच्या, या घरच्या," त्या म्हणाल्या. "तिथे जुनी झबली दे. हरवतात."

"आई," मी म्हटलं, "ती बाटली मी देत होते."

त्यांनी हातातलं झबलं घडी करून थप्पीवर ठेवलं. "कधीपासून?"

"दीड महिना. तुम्ही झोपलात की. तुम्ही बाहेर गेलात की."

"म्हणजे काट्यापाशी तुला माहीत होतं."

"हो."

"मी पोटच्या पोराची शपथ घातली तेव्हा तू तिथेच उभी होतीस."

"हो. त्याचं रडणं ऐकलं की मला ते पहिले पाच दिवस…"

"ते मला कळतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "रडणं मलाही ऐकू येतं. त्यासाठी मी तुला कधी बोलले? पण मला एकटीला सांगून काय उपयोग? मी दिलं नाही, हे मला आधीपासून माहीत होतं."

मी रडायला लागले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, पाणी दिलं नाही.

"जिथे माझी शोभा झाली तिथे सांग," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या मुलाला आज सांग. तो रोज माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलतोय."

नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "मी डबे मांडले तेव्हा तू 'सांडत असेल' म्हणालीस." आणि आईच्या खोलीत गेला. दार लोटलेलं होतं. आतलं मला काही ऐकू आलं नाही, आणि मी कान दिला नाही असंही नाही.

मंगळवारी बाक नेहमीसारखा भरलेला होता. मागच्या वेळच्या दोन आया ओळखीचं हसल्या. सासूबाई येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण त्या सगळ्यात आधी तयार होऊन बसल्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून. बाळाला काट्यावर ठेवलं. नर्सबाई म्हणाल्या, "वा, या आठवड्यात फक्त शंभर. आजींनी मनावर घेतलं वाटतं!"

"आजींनी काही दिलंच नव्हतं," मी म्हटलं. "मी देत होते. तक्त्यात लिहीत नव्हते. त्यांना बोलणी बसली तेव्हा गप्प बसले."

नर्सबाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी विचारलं, "किती?"

"एकशेवीस. दिवसातून दोनदा."

"म्हणजे अकराशेचाळीस. तुमच्या आकड्यांवर मी उद्या पोटाची तपासणी सांगणार होते. या एवढ्याशा जिवाला चार तास उपाशी ठेवून." त्यांनी तक्ता माझ्यापुढे सरकवला आणि पेन दिलं. "लिहा. तारीखवार. खरं ते." मग सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "आजी, मी उगाच बोलले तुम्हाला."

"तुमचं काय चुकलं?" सासूबाई म्हणाल्या. "तक्ता शिकलेल्या माणसानं लिहिला होता."

बाकावर कुणीतरी हसू दाबलं. मी खाली मान घालून लिहायला लागले. नर्सबाई सांगत होत्या, रडला की आधी उचलायचं, घड्याळ बघायचं, बाटलीला बारीक भोकाचं निपल लावायचं, मध्ये दोनदा थांबून ढेकर काढायचा. "नोकरीवर गेल्यावर कुणाकडे राहणार?"

मी मान वर केली. सासूबाई भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत होत्या. "अजून ठरलं नाही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात बाळ मूठ चघळायला लागलं. वेळेला अजून चाळीस मिनिटं होती. कुरकुर झाली, मग तो आवाज. माझ्या हातातलं पेन थांबलं. आठवडाभर मांडीखाली दडलेले ते दोन हात पुढे झाले, त्यांनी त्याला उचललं आणि खांद्यावर टाकलं. तो त्यांच्या मानेत नाक घासत रडत राहिला.

"बघतेस काय?" सासूबाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. "मी धरते तोवर. तू लिही. आणि एकही दिवस गाळू नकोस."