काकांचा नर, बाबांची कुपी

आमच्या घराण्याची इस्टेट म्हणजे स्पिरिटच्या कुपीत बुडवलेला पाच मिलिमीटरचा एक नर. आखूड शेपटीचा चाबूक-विंचू. नाव भारदस्त, पण नांगी नाही, विष नाही, डोळेसुद्धा नाहीत. गुहेत पुढचे दोन पाय लांब करून चाचपत फिरायचा. शोधला काकांनी. कुपी मात्र बाबा ज्या संग्रहालयाचे प्रमुख होते तिथल्या त्यांच्या कपाटात, आणि किल्ली बाबांच्या गळ्यात.

जात अगदी नवी होती. पण नराच्या शेपटीचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली बघून, त्याचं चित्र काढल्याशिवाय जातीला नाव देता येत नाही. माद्या काकांकडे ढीगभर. नर हा एकच. गुहा तर कधीच सिमेंट ओतून बुजवलेली.

त्यात काकांची नजर चाललेली. डॉक्टरांनी डोळ्यांना सहा महिने दिले होते. काका दर सोमवारी यायचे.

"दादा, एकच दिवस दे. शेपटी बघतो, चित्र काढतो, परत आणून देतो."

"बघू," बाबा म्हणायचे.

सहा महिने बाबांनी या एका शब्दावर काढले आणि तेवढ्या वेळात त्या नव्या जातीवर स्वतःच्या नावाने शोधनिबंध लिहून टाकला. चित्र तेवढं राहिलं, कारण बाबांना रेघ सरळ मारता येत नाही. त्यासाठी चित्रकार ठरवला होता.

काकांचा दुसराही डोळा गेला, तेव्हा चित्रकार यायच्या आदल्या दिवशी बाबा स्वतः कुपी घेऊन त्यांच्या घरी गेले. मलाही नेलं. अशा सोहळ्याला प्रेक्षक लागतो.

"घे रे धाकट्या. हवा होता ना? बघ आता पोटभर."

काका हसले. "बस दादा. पोरा, झाकण उघड."

मी उघडलं. आज्ञाधारक म्हणून माझी ख्याती आहे.

काकांनी कुपी तळहातावर उपडी केली, नर चिमटीत धरला आणि मीठ चोळावं तसा सावकाश चोळला.

"अरे, काय करतोयस!" बाबा किंचाळले.

"बघतोय. हल्ली मला असंच दिसतं."

बाबा गुडघ्यांवर बसले. चष्मा कपाळावरच विसरून, दोन्ही हात पुढे करून फरशी चाचपू लागले.

"सापडली का रे शेपटी?" काकांनी मला विचारलं.

ती त्यांच्याच अंगठ्याला चिकटली होती, शाबूत.

"नाही," मी म्हणालो आणि त्यांना हात पुसायला फडकं दिलं.