बुचाची पाटी आणि आठ मिलिमीटर

मित्रांनो, माझ्या अंगाला इतकी भोकं आहेत की मोजायला बसलात तर शाळा बुडेल. मी बुचाची एक जुनी पाटी आहे. सुताराने एकाच मोठ्या तुकड्यातून आम्हा पाच बहिणींना कापून काढलं. चौघी शाळांमध्ये गेल्या. त्यांच्या वाट्याला सहलीच्या सूचना आणि हरवलेल्या डब्यांच्या चिठ्ठ्या आल्या. मी मात्र इस्पितळाच्या तपासणी खोलीत येऊन पडले.

माझं काम ऐकून नाक मुरडू नका. मोठ्या आतड्याला कॅन्सर झाला, की सर्जन सर तेवढा भाग कापून काढतात आणि उरलेली टोकं जोडतात. कापलेला भाग आमच्याकडे येतो. आतडं शरीराबाहेर आलं की आक्रसतं, औषधी पाण्यात तर आणखीच. म्हणून तंत्रज्ञ ताई ते माझ्यावर ताणून टाचण्यांनी पक्कं करायची आणि मला त्या पाण्यात पालथं ठेवायची. दोन दिवसांनी डॉक्टर मॅडम मोजायच्या, की कॅन्सरच्या गाठीच्या खाली निरोगी आतडं किती आलंय.

सर आणि मॅडम यांचं त्यावरच संशोधन चाललं होतं. किती कमी कापलं तरी रोगी बरा होतो, हे त्यांना शोधायचं होतं. जास्त कापलं तर जोडायला काही उरत नाही आणि शौचासाठी पोटावर कायमची पिशवी लावावी लागते. मॅडम पाहुण्यांना सांगायच्या, "या पाटीशिवाय आमचं पान हलत नाही." मी बुचाची असूनही फुगून जायचे.

एके दिवशी एका बसचालक काकांचं आतडं आलं. ताईला लेकीच्या शाळेत पालकसभेला पोहोचायचं होतं. मी शेजारीच धुऊन वाळत पडले होते. तिने तो तुकडा तसाच बरणीत टाकला आणि पर्स उचलून पळाली. मला तोंड असतं, तर मी ओरडले असते.

दोन दिवसांनी मॅडमनी पट्टी लावली. "आठ मिलिमीटर? हे फारच कमी आहे. सरांना कळवते. पुन्हा पोट उघडावं लागणार, आणि या वेळी पिशवी टळत नाही."

ताईने ते ऐकलं. तिची नोकरी कंत्राटी होती आणि मुदत पुढच्याच आठवड्यात संपत होती. ती दारापर्यंत गेली. तिथून परत आली.

"मॅडम, चूक माझी आहे. मी ते पाटीवर लावलंच नव्हतं. ते आक्रसलंय."

"अगं, मग दोन दिवस गप्प का बसलीस?"

"घाबरले होते."

मॅडम तिला खूप बोलल्या. मग सरांना फोन केला. त्यांनी ऑपरेशनच्या वेळीच माप घेतलं होतं, ते पुरेसं निघालं. मॅडमनी कापलेली कड सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. ती स्वच्छ होती, तिथे कॅन्सर नव्हता. संशोधनातून मात्र काकांचं नाव वगळावं लागलं, आणि ताईला वर्षाऐवजी सहाच महिन्यांचं कंत्राट मिळालं.

काका रिपोर्ट घ्यायला आले, तेव्हा ताईनेच त्यांना सगळं सांगितलं. अगदी स्वतःची चूकसुद्धा.

"म्हणजे पिशवी नाही?"

"नाही, काका."

"मी तर घरी सगळ्यांना दम देऊन आलोय, की पिशवी लागली तरी कुणी रडायचं नाही," असं म्हणाले आणि स्वतःच स्टुलावर बसून हमसून हमसून रडले.

मित्रांनो, आता माझ्यात टाचणी टिकत नाही. नवी पाटी आली आहे. मला खुशाल टाकून द्या, मी रुसणार नाही. पण घाईत तुमच्या हातून काही राहून गेलं, तर ते लगेच सांगा. बोलणी बसतील, ती खाऊन घ्या. ताई त्या दारातून तशीच बाहेर पडली असती, तर काकांचं पोट विनाकारण पुन्हा फाडलं गेलं असतं, आणि ते का, हे त्यांना कधीच कळलं नसतं.