चाखलेलं खाण्यात धरत नाहीत

“वाच,” बेनिता म्हणाली, आणि मी नुकतंच तिच्या हाती दिलेलं पाकीट तिनं काचेखालच्या फटीतून पुन्हा माझ्याकडे सरकवलं.

तिच्यामागे अकरा माणसं उभी होती. माझ्या डोक्यावर पाटी होती: रिपोर्टमध्ये काय आहे ते खिडकीवर सांगितलं जाणार नाही, डॉक्टरांना विचारा. ती पाटी मीच चिकटवलेली. आरेकिपा शहरातल्या सरकारी इस्पितळात एकवीस वर्षं मी रिपोर्टच्या खिडकीवर बसले आणि हेच वाक्य दिवसातून शंभरदा म्हटलं. पण आमच्याकडे रिपोर्ट हातात मिळतो आज, आणि डॉक्टरांची वेळ मिळते दीड-दोन महिन्यांनी. तोवर धीर कुणाला निघतो? लोक जिन्यातच पाकीट फाडतात, औषधाच्या दुकानात दाखवतात, शाळेतल्या मास्तरांना दाखवतात. आणि सगळ्यात आधी मला.

इतरांना मी हाकलून द्यायचे. बेनिताला कसं हाकलणार? तिच्या मुलीला, यानिनाला, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता म्हणून मी हातांवर धरलं होतं. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणतो. सख्ख्या बहिणीशी भांडून अबोला धरता येतो, कोमाद्रेशी तेवढीही सोय नाही. शिवाय बेनिताला वाचता येत नाही हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, यानिनाला आणि मला. तिची खाणावळ सगळ्या साचाका वस्तीत नावाजलेली. आज कुठलं सार आहे ते दारातल्या फळ्यावर यानिना लिहायची, आणि बेनिता खडू हातात धरून शेजारी अशी उभी राहायची, की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, बाईचं अक्षर काय सुंदर आहे.

तर मी वाचलं. बेनिताच्या गळ्याला उजवीकडे सुपारीएवढी गाठ आली होती. वजन उतरत चाललं होतं, छाती धडधडायची, थंडीतसुद्धा घाम यायचा. पाकिटात दोन कागद होते. पहिला रक्ताचा. त्यात टीएसएच अगदी तळाला आणि टी-फोर बरंच वर, दोन्हींपुढे चांदणी छापलेली. चांदणी म्हणजे बरं नाही, एवढं मला कळत होतं. दुसरा कागद थायरॉइडच्या स्कॅनचा. शिरेतून औषध टोचतात, मग यंत्राखाली झोपवतात, आणि गळ्यातली ग्रंथी जिथं जिथं औषध ओढून घेते तिथं फोटोत चकाकतं. अशा फोटोंत फुलपाखरासारखा आकार मी कितीदा पाहिलेला. त्यात कधी काळं भोक असायचं, कधी पांढरा ठिपका, आणि ते लोक मग रडत परत यायचे. बेनिताच्या फोटोत काहीच नव्हतं. ना ठिपका, ना भोक. खाली एकच ओळ होती, ग्रंथीत औषधाचं शोषण दिसत नाही.

एकवीस वर्षांत मी किती रिपोर्ट चोरून वाचले असतील याचा हिशोब नाही. खडा दिसत नाही, गाठ दिसत नाही, पाणी दिसत नाही. डॉक्टरांनी ‘दिसत नाही’ म्हटलं की माणूस हसत घरी जायचा. दोन कागदांचं एकमेकांशी पटत नव्हतं, हे मला खटकलं, खोटं कशाला सांगू. पण स्कॅनचं यंत्र खोलीएवढं मोठं, आणि रक्त काय, एवढीशी बाटली. मोठ्या यंत्राचंच खरं, असं मी ठरवून टाकलं.

“काही नाहीये,” मी म्हटलं. “स्वच्छ आहे. रक्तात थोडं वरखाली आहे, ते दगदगीनं असेल.”

बेनितानं छातीवर क्रूस केला आणि दुपारी माझ्यासाठी भांडंभर सार पाठवलं. मे महिन्यात तिची डॉक्टरांची वेळ होती. कशाला एक दिवस खाणावळ बंद ठेवायची, असं ती म्हणाली, आणि मीच संगणकावर तिचं नाव खोडून तिथं एका म्हाताऱ्याचं घातलं. उपकार केल्याच्या थाटात घातलं, हे मात्र मला विसरता येत नाही.

ऑगस्टमध्ये बेनिता चुलीपुढे कोसळली. काळीज ताल सोडून पळत होतं, मिनिटाला दीडशेच्या वर. तीन दिवस तिला नळ्या लावून ठेवलं होतं. मी कामावरून सुटले की तिच्या खाटेशी बसायचे. तिची काटकुळी मनगटं पाहवत नव्हती. ती मात्र यानिनानं मिरच्या भाजल्या की जाळल्या, याचीच चौकशी करत होती. चौथ्या दिवशी तिला चाकाच्या खुर्चीतून डॉक्टर सेगारांच्या खोलीत नेलं, आणि नातेवाईक म्हणून मी सोबत गेले. यानिना खाणावळीत अडकलेली होती.

डॉक्टरांनी मार्चमधले दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले. माणूस तुसडा, पण नीट समजावून सांगणारा. टीएसएच म्हणजे मेंदूनं गळ्यातल्या ग्रंथीला दिलेला हुकूम, ते म्हणाले. ग्रंथी आपणहून अति काम करायला लागली की मेंदू हुकूम देणं थांबवतो. म्हणून तो आकडा खाली जातो आणि टी-फोर वर. रक्त ओरडून सांगत होतं की ग्रंथी पिसाळली आहे. आणि पिसाळलेल्या ग्रंथीचा फोटो झगझगीत यायला हवा, कोरा येऊच शकत नाही.

मग त्यांनी विचारलं, स्कॅनच्या आधी दोन आठवडे मासे, कोळंबी, समुद्री शेवाळ, आयोडीनचं मीठ, काही पोटात गेलं होतं का? कागदावर लिहून दिलं होतं.

बेनिता दुखावली. यानिनानं तो कागद तिला तीनदा वाचून दाखवला होता. पंधरा दिवस तिनं बिनमिठाचे उकडलेले बटाटे आणि मका खाल्ला होता. बाकी काही तोंडात घातलं असेल तर देव साक्षी आहे, म्हणाली.

“काम काय करता?”

“खाणावळ आहे माझी.”

“स्वयंपाक कोण करतं?”

“मीच. आणखी कोण करणार?”

“मग चव कोण बघतं?”

बेनितानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की हा माणूस शिकला तरी काय. चव तीच बघणार. आमच्याकडे मालकिणीनं चाखल्याशिवाय हंडा चुलीवरून उतरत नाही, उतरला तर ते सार गिऱ्हाईक परत करतं. तळहातावर घ्यायचं, चाटायचं, मीठ टाकायचं, पुन्हा चाटायचं. आणि मार्च म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस. मांस बंद, म्हणून रोज कोळंबी, आणि सारात कोचायुयो. किनाऱ्यावरून वाळवून येतं ते काळं शेवाळ, ते घातल्याशिवाय त्या दिवसांतल्या साराला चवच नाही.

“चाखलेलं खाण्यात कुठं धरतात, डॉक्टर?” ती म्हणाली. “चाखणं हे काम झालं.”

डॉक्टर हसले नाहीत. किती हंडे, किती वेळा, ते विचारून त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. मग म्हणाले, त्या शेवाळात आयोडीन नुसतं भरलेलं असतं. जेवून तुडुंब झालेल्या माणसापुढे ताट वाढलं तर तो शिवेल का? ग्रंथीचं तसंच झालं. ती इतकी भरलेली होती की आम्ही टोचलेलं औषध तिनं घेतलंच नाही. फोटो कोरा आला म्हणजे स्वच्छ आला असं नव्हे. फोटो आलाच नाही, असं ते होतं. ती गाठ कसली आहे हे आजही कुणाला माहीत नाही, आणि त्यात पाच महिने गेले.

गाठ वाईट असली तर पाच महिने म्हणजे काय, हे रिपोर्टच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईला कुणी सांगावं लागत नाही.

“मेमध्ये तुम्ही आला असतात तर तेव्हाच हे कळलं असतं,” डॉक्टर म्हणाले. “का नाही आलात? कुणी सांगितलं तुम्हाला सगळं ठीक आहे म्हणून?”

पेन्शनला मला दोन वर्षं राहिली होती, आणि खिडकीवर रिपोर्ट वाचून दाखवल्याबद्दल आमच्या इथल्या एका बाईला आदल्याच वर्षी काढलं होतं. बेनिताला दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या.

“कुणी नाही,” ती म्हणाली. “मीच वाचलं. मला वाटलं, काही नाही.”

त्यावर डॉक्टर जे सुटले. चार अक्षरं वाचता आली की तुम्ही लोक स्वतःलाच डॉक्टर समजता, मग आम्ही इथं कशाला बसलोय, असं बरंच. बेनिता मान खाली घालून ऐकत होती. खाणावळीत गिऱ्हाइकानं ‘मीठ कमी आहे’ म्हटलं तर त्याला उठवून बाहेर काढणारी बाई ती. आणि मी, जिच्यासाठी हे चाललं होतं, मी गप्प. लाज वाटली, पण गप्प बसले. खरं तेच सांगते.

डॉक्टरांनी नवा कागद काढला. सहा आठवडे पथ्य, हृदयाच्या गोळ्या, मग पुन्हा स्कॅन. तो बेनिताच्या मांडीवर ठेवून ते म्हणाले, “वाचता येतं ना तुम्हाला? मग मोठ्यानं वाचून दाखवा. समजलं की नाही ते मला आत्ताच कळू दे.”

बेनितानं कागद दोन्ही हातांनी उचलला. डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. चष्मा घरी राहिला, असं पुटपुटली. डॉक्टरांनी स्वतःचा चष्मा काढून तिच्यापुढे केला. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिनं तो घातलाही. आणि कागदाकडे पाहत राहिली.

“तिला वाचता येत नाही,” मी म्हटलं. “खिडकीवर मी वाचलं होतं. काही नाही असं मी सांगितलं. मेमधली वेळही मीच रद्द केली.”

डॉक्टरांनी कागद तिच्या हातातून घेतला, पेनानं तळाशी एक ओळ वाढवली आणि माझ्याकडे दिला. मी वाचत गेले, मासे नाहीत, कोळंबी नाही, शेवाळ नाही. शेवटची त्यांनी लिहिलेली ओळ होती, चाखायचंसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर बेनिता माझ्याशी बोलेना. चुकीचं वाचल्याचा राग तिला नव्हताच. लिफ्टपाशी एवढंच म्हणाली, “मूर्ख म्हणाले असते तर म्हणू दिलं असतं, कोमाद्रे. ते का सांगितलंस?”

मी तिची खुर्ची लिफ्टमध्ये ढकलली.

मला त्याच आठवड्यात खिडकीवरून उठवून तळघरात जुन्या फायलींवर टाकलं. काढलं नाही, ही डॉक्टरांची कृपा. बेनिता सहा आठवडे स्वयंपाकघराच्या बाहेर अंगणात बसली. यानिना हंडे चढवायची आणि चव बघून बाहेर येऊन सांगायची, आंबट आहे, सपक आहे, आणि बेनिता नुसत्या वासावर काय टाकायचं ते सांगायची. दोन गिऱ्हाइकांनी सार परत केलं म्हणे. हे मला यानिनाकडून कळलं. बेनितानं मला बोलावलं नाही.

दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी मात्र ती तळघराच्या दारात येऊन उभी राहिली. “चल,” म्हणाली, “एकटीनं ऐकवणार नाही.”

या वेळी फोटोत उजवीकडे एकच ठिपका लखलखत होता आणि बाकीची ग्रंथी झोपलेली. डॉक्टर म्हणाले, सगळं काम ही गाठ एकटी करते आहे, आणि अशी गाठ कॅन्सरची सहसा नसते. सुरी लावायची नाही. औषधाचा एक डोस प्यायचा, गाठ हळूहळू विझेल. काळजाचं थोडं नुकसान झालंय, त्याच्या गोळ्या जन्मभर. ते नुकसान माझं, हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं.

डोससाठी संमतीचा कागद खिडकीवर भरायचा होता. माझ्या जागी आलेल्या मुलीनं काचेखालून कागद आणि पेन सरकवलं. मागे मोठी रांग होती, त्यात साचाकाची, खाणावळीत जेवणारी दोन माणसं. बेनितानं पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

“कुठंही एक रेघ ओढा, चालतं,” मुलगी म्हणाली.

“मला लिहिता येत नाही,” बेनिता म्हणाली, रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. “शाई दे. अंगठा देते.”

शाईची डबी शोधायला मुलीला वेळ लागला. बेनिता तेवढा वेळ काउंटरला धरून ताठ उभी राहिली आणि मागे वळून पाहिलं नाही. डबी आली तेव्हा तिनं अंगठा शाईत नीट दाबला, कागदावर टेकवला आणि सावकाश या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवला.