घोंगडीत घागर

मंजुषानं घोंगडी धुतली ती निव्वळ मायेपोटी, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणालाही वाटेल, की नव्या सुनेनं सासऱ्यावर कसला तरी डूख धरला होता.

मुरुमजवळच्या त्या गावात तिच्या सासऱ्यांची, हरिबांची घोंगडी म्हणजे मोठं प्रस्थ होतं. आपल्याच मेंढरांच्या लोकरीची, विणकरासमोर ठाण मांडून विणून घेतलेली. गावच्या बिरोबाच्या जत्रेत एक जुनी चाल होती. चौघांनी घोंगडीची चार टोकं धरायची, मधे घागरभर पाणी ओतायचं आणि ढोलाचा फेर संपेपर्यंत एकही थेंब खाली पडू द्यायचा नाही. ज्याची घोंगडी टिकेल त्याच्या घराला पहिला भंडारा उधळायचा मान. कितीतरी वर्षं तो मान हरिबांच्या घरात होता, आणि कर्नाटकातून येणारे त्यांचे साडू बंडप्पा दरवर्षी हात चोळत परत जायचे.

जत्रा तोंडावर आली तेव्हा मंजुषाच्या मनात आलं, मामांच्या घोंगडीला मेंढरांचा वास मारतोय, जरा स्वच्छ करून द्यावी. कढत पाणी घेतलं, मूठभर धुण्याची पावडर टाकली. पिवळट काळं पाणी निघालं तशी बाई खूश. पुन्हा पावडर, पुन्हा पाणी. आणि ही उमरग्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली बरं का! पण परीक्षेतलं शास्त्र मोरीतल्या बादलीपाशी आठवायला माणसाला आधी चुकावं लागतं.

संध्याकाळी हरिबांनी सवयीनं वाळलेल्या घोंगडीवर तांब्यातलं पाणी शिंपडून बघितलं. एरवी थेंब ज्वारीच्या दाण्यासारखे टपोरे होऊन घरंगळायचे. आज घोंगडीनं पाणी घटाघटा पिऊन टाकलं आणि खालच्या फरशीवर ओल उतरली.

हरिबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते मुलाला, भागवतला म्हणाले, "यंदा म्या जत्रंला येत न्हाय. तुमी जावा."

मंजुषाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसानं तिला घरात आल्या दिवसापासून लेकीसारखं वागवलं, त्याला तिनं एका बादलीपायी मान खाली घालायला लावली होती. रात्रभर रडून झाल्यावर सकाळी ती सासूपाशी, बानूबाईपाशी, जाऊन बसली.

"आत्या, पाण्याचे कण एकमेकांना लई घट्ट धरून असतात. म्हणून तर थेंब गोल होतो. लोकरीवर मेंढीच्या अंगचं तेल असलं, की पाणी लोकरीला चिकटत न्हाय, आपल्या आपल्यातच गोळा होऊन बसतं. धाग्यांमधल्या बारक्या भोकांतनं बी खाली उतरत न्हाय. ते तेलच मी धुऊन टाकलं."

बानूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग परत घाल की."

एवढं सोपं कुणी सांगितलंच नव्हतं! नुकतीच कातरलेली लोकर पोत्यांत पडून होती. सासू-सुनेनं ती मोठ्या पातेल्यात उकळली, पाणी गार होऊ दिलं, वर धरलेला पिवळा थर काढून घेतला. मंजुषानं तो हातानं घोंगडीला चोळला. पण थर कसला मुरतोय! एकीकडं चिकट गोळे, दुसरीकडं कोरडी लोकर. पाण्यात कालवून पसरावा म्हटलं, तर तेल पाण्याच्या अंगाला लागेना.

आणि मग तिला उपाय सुचला. सुचला आणि तो बोलायची भीती वाटली.

"आत्या, थोडा साबण लागंल."

"आगं, पुन्यांदा साबण?" बानूबाईंनी कपाळावर हात मारला. ओसरीवर बसलेले हरिबा उठून उभे राहिले.

मंजुषा त्यांच्याशी कधी मान वर करून बोलली नव्हती. आज बोलली. "मामा, साबणाचं एक टोक तेलाला धरतं, एक टोक पाण्याला. लई घातला म्हणून त्यानं तेल वाहून नेलं. चिमूटभरच घातला तर त्योच तेल पाण्यात पसरून धाग्याधाग्यात पोचवंल. मंग साध्या पाण्यात घोंगडी खळबळून साबण तेवढा काढायचा."

हरिबा घोंगडी तिच्या अंगावर टाकून म्हणाले, "कर. आता आनखी काय बिघडणार हाय?"

तेल टाकलेलं ऊन पाणी साबणाच्या किसानं दुधासारखं पांढरं झालं. त्यात घोंगडी भिजली, खळबळली, सावलीत वाळली. वर थेंब टाकला तर तो टपोरा उभा राहिला. बानूबाई हरखल्या. हरिबा मात्र एवढंच म्हणाले, "थेंब येगळा, घागर येगळी." पण जत्रेला निघाले.

देवळासमोर बंडप्पांची आणि हरिबांची घोंगडी शेजारी शेजारी धरली गेली. दोन्हींत घागरी रित्या झाल्या, ढोल सुरू झाला. हरिबांच्या घोंगडीचं पोट खाली लोंबलं आणि त्याच्या तळाशी बारीक बारीक थेंब फुटले. एक टोक धरलेल्या भागवतनं ते थेंब पुसायला हात पुढं केला.

"हात लावू नगंस!" हरिबा आणि मंजुषा एकाच दमात ओरडले. खालून बोट लागलं असतं तर पाण्याला वाट मिळाली असती. भागवतनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

थेंब लोंबत राहिले, पण पडले नाहीत. ढोलाची लय चढत गेली. तेवढ्यात शेजारून टप् असा आवाज आला. मग दुसरा. बंडप्पांची घोंगडी गळायला लागली होती, आणि ढोलाचा शेवटचा ठोका पडला तेव्हा हरिबांच्या घोंगडीखालची माती कोरडी ठणठणीत होती. मंजुषाला हसू आणि रडू एकदमच फुटलं. जन्मात इतका आनंद तिला झाला नव्हता, पदवीच्या निकालालासुद्धा नाही.

"आतनं प्लास्टिक लावलं का काय?" बंडप्पांनी घोंगडी खालीवर करून तपासली.

"सुनंनं धुतली," हरिबा छाती काढून म्हणाले. "साबणानं."

बंडप्पांनी आ वासला. सगळी हकीकत ऐकल्यावर त्यांनी आपली ठिबकणारी घोंगडी गोळा करून मंजुषापुढं धरली. "पोरी, माझी बी धुऊन दे."

सगळी जत्रा हसायला लागली. हरिबांनी ती ओली घोंगडी उचलून पुन्हा साडूच्याच खांद्यावर टाकली.

"जत्रंनंतर आण, बंडप्पा," ते म्हणाले. "आज तिला पहिला भंडारा उधळायचाय."