चार कुलपांचा भोंगा

माझ्या दांड्यावर गंजाचा एक ठिपका आहे. गेल्या दिवाळीत तो मोहरीएवढा होता, आता मसुरीएवढा झाला आहे. मित्रांनो, अधूनमधून तेलाचा हात फिरला असता तर तो वाढला नसता. पण मला तेल लावायलाही चार चाव्या लागतात.

मी देवबागच्या किनाऱ्यावरचा एक जुना भोंगा आहे. दांडा फिरवला की माझा आवाज समुद्रात दोन किलोमीटर जातो. वारा बिघडला की मी वाजायचे आणि होड्यांनी परतायचे, एवढेच माझे काम. कितीतरी माणसे माझ्या हाकेवर घरी जेवायला पोहोचली.

पूर्वीच्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षाने मात्र मला खोटेही वाजवले. आमच्या चार वाड्यांच्या होड्या घाबरून परतायच्या, आणि त्याच्या होड्या मासळी भरून यायच्या. शेवटी चारही वाड्या वेगळ्या झाल्या. त्यांनी आपला संघ काढला आणि मला सोबत आणले. पुन्हा कोणी मालक होऊ नये म्हणून माझ्या पेटीला चार कुलपे लागली, दर वाडीची एक चावी. संघाच्या अध्यक्ष सुगंधाकाकी झाल्या. त्यांना विनंती करता येई, हुकूम नाही.

गेल्या सप्टेंबरात दुपारी वारा अचानक फिरला. तीन चाव्या धावत आल्या. चौथी, चौथ्या वाडीची चावी सांभाळणाऱ्या धोंडूदांच्या कमरेला, आणि धोंडूदा मालवणच्या बाजारात. मी पेटीत गप्प राहिलो. खाडीच्या तोंडाशी संघातल्या लवूची होडी उलटली. तो पोहत आला, हात मोडून.

त्यानंतर सात बैठका झाल्या. प्रत्येकीत ठरले, पुढच्या बैठकीत बघू.

काल आठवी बैठक माझ्या पेटीभोवतीच बसली. चारही चाव्या सुगंधाकाकींकडे द्याव्यात का, हाच प्रश्न होता. लवू बरा झाला आहे. उद्या तो पुन्हा समुद्रात जाणार.

"धोंडूदा," तो म्हणाला, "तुमची चावी बाजारात भजी खाय होती, तेवा मी पाण्यात होतंय. उद्या ती खंय असतली?"

कोणी हसले.

धोंडूदा सुगंधाकाकींकडे वळले. "तू बरी आसस गो. पण तुझ्या मागसून येतलो तो कसो, माका काय म्हायत?"

"म्हणान लिवन घेवा," काकी म्हणाल्या. "खोटो वाजवलो तर अध्यक्षाक त्याच दिवशी काढूचा. माका पण."

मित्रांनो, ज्याची भीती वाटते त्याला कोंडून ठेवू नका. त्याला तेल घाला, आणि त्याच्यावर नजर ठेवा.

 धोंडूदांनी कमरेची चावी सोडली आणि माझ्या पेटीवर ठेवली.

"भोंगो अध्यक्षान एकट्यान वाजवूचो," ते म्हणाले. "आमका इचारूची गरज नाय. पण त्याच सांजेक चारय वाड्यांका कारण सांगूचा."