जिवंत कप्तानाची शोककविता

फिलेना टटलच्या कविता सगळ्या मॅसॅच्युसेट्सभर वाचल्या जायच्या. वर्तमानपत्रं एकमेकांच्या कविता बिनदिक्कत उचलायची, त्यामुळे पार ओहायोतल्या पोरींच्या वह्यांतही ती पोचली होती. पण गावाला तिचा उपयोग एकच. घरात कुणी गेलं, की पाद्रीबाबांच्या पाठोपाठ निरोप तिला. घरच्यांनी तिच्याकडे येऊन मेलेल्याचे गुण सांगायचे, तिने सहा कडवी रचायची, आणि शनिवारी साप्ताहिकात छापून आली, की ती कापून बायबलात जपून ठेवायची. गेलेल्या माणसाचे दुर्गुण कोण सांगतो? फिलेनालाही ते कळत होतं, पण चालायचंच.

कप्तान अझराया पिंकमच्या जहाजाचा दोन वर्षं पत्ता लागेना, तेव्हा त्याची बायको केझाया काळे कपडे घालून आली आणि सबंध दुपार बोलत बसली. कप्तान म्हणजे तिरसटांचा मेरुमणी! त्याला बघून कुत्रीसुद्धा रस्ता बदलायची. कवितेत मात्र तो उतरला मायाळू, मृदू, लोण्याचा गोळाच. कविता गाजली, चाळीस वर्तमानपत्रांनी उचलली.

आणि एका मंगळवारी कप्तान दुसऱ्याच एका जहाजातून धडधाकट घरी आला.

गाव पोट धरून हसलं. "अगं फिलेना," चहा ओतता ओतता तिची बहीण रोझिना म्हणाली, "माझ्यावर आत्ताच लिहून ठेव बाई. मेल्यावर ती लोणकढी वाचायला मी कुठे असणार?"

फिलेनाला हसू आलं नाही. वीस वर्षं आपण नुसतं खोटं लिहिलं, असं तिच्या मनाने घेतलं. यापुढे लिहिणार नाही, असं संपादकाला कळवून टाकायला तिने कागद पुढे ओढला, तोच दार वाजलं. दारात कप्तान, हातात कात्रण.

"टटलबाई, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. चुकलंच माझं, कप्तान. दुरुस्ती छापायला सांगते."

"खड्ड्यात गेली दुरुस्ती! हे चौथं कडवं. पाळण्यापाशी मी गातोय म्हणे. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"केझायाने. पण तुम्ही कुठले गाताय! मला तेव्हाच कळायला हवं होतं."

"गायलोय. एकदाच." कप्तानाचा आवाज खाली आला. "लेक तापाने फणफणली होती. केझाया तीन दिवसांची जागलेली. म्हटलं, झोपू दे तिला. दार लावून घेतलं आणि ताप उतरेपर्यंत गायलो, असल्या भसाड्या गळ्याने. अठरा वर्षं झाली. कुणाजवळ बोललो नाही."

"म्हणजे ती जागी होती," फिलेना म्हणाली.

"जागी होती." कप्तानाचे कान लाल झाले होते. "आणि मला वाटायचं, हिला माझं तोंडसुद्धा बघवत नाही."

फिलेनाला एकदम बरं वाटलं, पार आतून. समोरचा कोरा कागद तिने बाजूला सारला.

"आणखी काय म्हणाली हो ती?" कप्तानाने आवाज मुद्दाम करडा करून विचारलं.

"बसा की," फिलेना म्हणाली. "सहा कडव्यांत मावणार तरी किती? पुष्कळ राहिलंय."

कप्तान टोपी काढून बसला.